खांदेकऱ्यांचा काठ

पांडेसऱ्याच्या आमच्या घरात, सासूबाईंच्या खाटेच्या बरोबर वर, छताचा गिलावा पडलेला होता. चांगला ताटलीएवढा. तो शशी बोरसेनं पाडला असं मी अजून म्हणते. आमचे हे म्हणतात, "उगाच त्याच्या नावावर घालू नकोस, काठी जिजीची होती." काठी जिजींचीच होती, मान्य. पण ती वर आपटायला लावणारा कोण होता? भर रविवारी दुपारी, माणसं जेवून जरा आडवी होत असताना, विहिरीच्या तळातून बोलावं तशा आवाजात मेलेल्या माणसांची गाणी लावणारा कोण होता? शशीच ना!

शशी आमचा भाडेकरू. नव्वदच्या दशकातली गोष्ट. खाली आम्ही राहायचो: मी, हे, धाकटे दीर आणि जिजी, म्हणजे माझ्या सासूबाई. वरच्या एका खोलीत हा एकटा. हे बँकेत, मी मराठी शाळेत शिक्षिका. जिजी अमळनेरकडच्या. सुरतेत इतकी वर्षं काढली, पण बाईंनी अहिराणी सोडली नाही. भाजीवाल्याशीसुद्धा अहिराणीत बोलायच्या, तो गुजरातीत उत्तर द्यायचा, आणि वांगी घरात यायची. कुणाचं काही अडलं नाही.

शशी धुळ्याकडचा. चित्रकलेचा डिप्लोमा करून आलेला. पांडेसऱ्यातल्याच एका साडी छपाईच्या मिलमध्ये डिझाइन काढायचा, म्हणजे पदर, काठ, अंगातले बुट्टे. उंच इतका की आमच्या जिन्याच्या दारात रोज वाकायचा आणि तरी रोज डोकं आपटायचा. जिजी त्याला 'लांब्या' म्हणायच्या. सुरतेच्या उन्हाळ्यात, जिथं माणूस पांढऱ्या गंजिफ्रॉकातही उकडून निघतो, तिथं हा काळा शर्ट घालून फिरायचा. एक धुवायचा, एक घालायचा. मी एकदा न राहवून म्हटलं, "अरे, गुजराती लोक काळं बघून रस्ता बदलतात. तू नोकरी तरी कशी टिकवतोस?"

"आधीची नाहीच टिकली वहिनी," तो शांतपणे म्हणाला.

आणि ते खरं होतं. आधीच्या मिलमधून त्याला काढलेलं होतं. देवीच्या साडीच्या पदरावर ह्यानं फुलांच्या आड वटवाघळं लपवली होती. कुणाला दिसणार नाहीत म्हणाला. मालकाच्या आईला दिसली. सुरतेचं कापड मार्केट मोठं दिसतं, पण आत सगळे एकमेकांना ओळखतात. एकदा हात पोळलेल्या माणसाला आताच्या मिलच्या सेठनं घेतलं होतं ते फक्त त्याचा हात चांगला म्हणून. "ही गेली तर मला दुसरी नाही मिळायची," असं तो स्वतःच म्हणायचा. गावाकडे आई होती. ती सगळ्यांना सांगत सुटलेली, मन्हा पोऱ्या सुरतले डिझायनर शे. ही नोकरी जाणं म्हणजे त्या माउलीचं तोंड बंद होणं.

आता ते गाणं. मिलमध्ये नवं छपाई मशीन बसवायला कुठल्याशा थंडगार देशातला एक इंजिनिअर आला होता. शशीनं त्याचं चित्र काढून दिलं, त्यानं जाताना आपल्या कॅसेट ह्याला दिल्या. एकाच बँडच्या सगळ्या. त्या बँडचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही, पण अर्थ माहीत आहे: खांदेकरी. प्रेत उचलणारे ते. आम्ही त्यांना खांदेकरीच म्हणायला लागलो.

"गॉथिक मेटल म्हणतात ह्याला वहिनी."

"मेटल कसलं? भांड्यांची मांडणी कोसळलीय नुसती!"

तो हसला. त्याला राग यायचाच नाही, ह्याचा मला राग यायचा. कॅसेटच्या वेष्टणात घडी घातलेला कागद होता, मुंगीएवढ्या अक्षरात गाण्यांचे शब्द. तो मला समोर धरून म्हणाला, "तुम्ही इंग्रजी शिकवता. एवढं समजावून सांगा. नंतर शिव्या द्या."

मी पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवायची. त्या पुस्तकात कफन, तिरडी, थडगं असले शब्द नव्हते. पण शिक्षिकेला कुणी आव्हान दिलं की ती बसतेच. डिक्शनरी काढली, चष्मा लावला, आणि आमच्या ओट्यावर बसून मी पहिल्या गाण्याचा अर्थ लावला. पेटीत झोपलेला मेलेला माणूस खांदेकऱ्यांवर वैतागलाय. म्हणतोय, अरे चौथ्या, तू बुटका आहेस का रे? माझं डोकं एका बाजूला कलंडतंय! जन्मभर वाकडा चाललो, निदान आज तरी सरळ न्या की मेल्यांनो!

मी हसले. मग माझं मलाच अवघडल्यासारखं झालं, कारण आत जिजी जाग्या होत्या. मयतावर हसणारी सून त्यांनी पाहिली असती तर मला त्या गावभर घेऊन फिरल्या असत्या.

त्यानंतर मी ऐकायला लागले. ऐकणं म्हणजे नुसतं कानावर पडणं नव्हे, हे शशीनं मला शिकवलं. कॅसेट लावण्याआधी शर्टाच्या टोकानं पुसायचा. डोळे मिटून बसायचा आणि कोपरखळी यायच्या जरा आधी एक बोट वर करायचा. "आता बघा. आता." आधी चर्चमधल्यासारखा ऑर्गन, धीमा, गंभीर. मग ढोल, एकेक ठोका मोजून टाकलेला. मग त्या गिटारी, आमच्या गल्लीमागचे लूम एकदम सुरू व्हावेत तशा. आणि ह्या सगळ्यातून तो खर्जातला आवाज. त्या आवाजाला ठाऊक असायचं की हे सगळं भयंकर आहे आणि हे सगळं हास्यास्पदही आहे. तो कधीच स्वतः हसायचा नाही. "म्हणून मजा येते," शशी म्हणायचा. "सांगणारा हसला की संपलं." एका गाण्यात विधवा नवऱ्याच्या थडग्यावर गुलाब लावते, आणि खालून नवरा ओरडतो, अगं, मुळांनी गुदगुल्या होतात, जरा पलीकडे लाव! पण कडव्याच्या शेवटी तो म्हणतो, नको, राहू दे, हात तुझाच आहे ना. तिथं एका बाईचा उंच आवाज येतो आणि सगळी वाद्यं थांबतात. कशाला खोटं बोलू? आयुष्यभर भावगीतं ऐकलेली मी बाई, त्या किंचाळणाऱ्या लोकांपायी पदरानं डोळे टिपत बसायची.

एका गाण्याचा शेवट मात्र शशी कधी कधी ऐकूच द्यायचा नाही. तेच खांदेकऱ्यांचं पहिलं गाणं. सगळ्या वाटेभर ते चौघं कुरकुरत असतात, किती जड आहे हा, काय खाऊन मेला. मग मुक्काम येतो, पेटी खाली ठेवतात, आणि शेवटच्या ओळीत एक जण हळूच म्हणतो: हलका होता रे. बस्स. पुढं ऑर्गनसुद्धा नाही. शशी तिथं कॅसेट बंद करून उठून जायचा. त्याचे वडील तो शाळेत असताना गेले होते, एवढंच मला ठाऊक होतं. मी विचारलं नाही.

जिजींचं आणि त्याचं वैर होतंच. वर ऑर्गन सुरू झाला की खालून काठी. ठक ठक ठक. "ए लांब्या! कोन मरी गया रे तठे?"

"अजून कोणी नाही, जिजी!" हा वरून ओरडायचा. "घाई नाही. आपली जागा राखीव आहे!"

"तुन्ही राख तू! मन्ही कसाले राखस?"

मी खाली कपाळाला हात लावून बसायची.

एक प्रसंग मात्र खरोखर हातघाईवर आला होता. गल्लीच्या टोकाला चौधरीबाबा होते, सकाळीच गेले. शशी रात्रपाळी करून आलेला, त्याला काहीच माहीत नाही. गल्लीत माणसं जमलेली, बायकांचं रडणं चाललेलं, आणि आमच्या वरच्या खिडकीतून एकदम तो ऑर्गन आणि मागून ते प्रेताचं गाऱ्हाणं! मी जिन्याकडे धावले, पण माझ्याआधी चौधरींचे पुतणे वर चढले होते. तिघंही तापलेले. "आमच्या घरात मयत पडलंय आणि हा तमाशा लावतो?" एकानं त्याची कॉलर धरली. हे मधे पडले, तर ह्यांनाच धक्का बसला. मला वाटलं, आता ह्याला जिन्यावरून खाली फेकतात.

शशीनं टेप बंद केला. हात जोडले. कॉलर सोडवली नाही, तसाच त्यांच्याबरोबर खाली आला. चौधरींच्या दारात बांबू पडले होते, आणि दोन शहरी पोरं सुतळी हातात घेऊन एकमेकांकडे बघत उभी होती. तिरडी कशी बांधायची हे त्या गर्दीत कुणाला धड येत नव्हतं. शशी खाली बसला. त्याच्या गावी त्याचे काका सगळ्या गावाची तिरडी बांधायचे, हा त्यांच्यासोबत असायचा. त्यानं बांबू जुळवले, आडव्या कामट्या टाकल्या, गाठी मारत गेला. बोलला नाही, मान वर केली नाही. कॉलर धरणारा पुतण्या मग स्वतःच त्याच्यासमोर बसून बांबू धरायला लागला.

आमच्या ओट्यावरून जिजी हे सगळं बघत होत्या. आत येताना मला म्हणाल्या, "गाठ बरी बांधस." त्या दिवशी काठी कोपऱ्यात राहिली.

तेव्हापासून गल्लीत कुणी गेलं की पहिली हाक शशीला. तो काळ्या शर्टात यायचा आणि आता कुणी नाक मुरडायचं नाही.

आता त्या साडीचं. मराठी माणूस संक्रांतीला काळं नेसतो, आणि नव्या नवरीला पहिल्या संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने म्हणजे केवढं कौतुक! पण सुरतेच्या मार्केटला हे सांगून पटत नाही. शशीनं सेठच्या मागं लागून लागून त्याला राजी केलं की उधना, लिंबायत, पांडेसरा सगळं मराठी आहे, संक्रांतीपुरता काळा माल काढा. सेठ आधी कानावर हात ठेवायचा. "काळो? अरे शशीभाई, तहेवारना दिवसे काळो?" शेवटी छोटा लॉट काढायला तयार झाला, पण वर अट: "एक पण पीस पाछो आव्यो, तो तमे पण पाछा. सीधा धुळे."

शशीनं काठाचे पाच-सहा नमुने काढले. वेली, मोर, कोयऱ्या. त्याच गठ्ठ्यात एक कागद होता जो त्यानं कॅसेट ऐकता ऐकता स्वतःपुरता काढलेला. चार माणसं खांद्यावर काहीतरी नेताहेत, पुढे एक जण, मधे मधे लिलीची फुलं. तो बाजूला काढायला शशी विसरला. सेठनं गठ्ठा चाळला आणि नेमका तोच वर काढला. "डोली! वाह! ए मस्त छे!" तिकडे डोली-वरातीच्या साड्या धडाक्यात खपतात, सेठला चार माणसांच्या खांद्यावर डोलीशिवाय दुसरं काही दिसणारच नव्हतं. आणि शशीच्या तोंडून शब्द फुटला नाही. काय सांगणार? सेठ, ही डोली नाही, तिरडी आहे?

हे त्यानं मला सगळा माल छापून झाल्यावर सांगितलं. ओट्यावर बसून, घाम पुसत. त्या माणसाला मी पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

"अरे, पण दिसायला डोलीसारखीच आहे ना? मग कुणाला कळतंय?"

"वहिनी, पुढच्याच्या हातात मडकं आहे."

डोलीपुढं मडकं घेऊन कोण चालतं? आपल्याकडच्या कुठल्याही बाईला ते जवळून पाहताच कळलं असतं. आणि पहिल्या संक्रांतीच्या नव्या नवरीच्या अंगावर तिरडी म्हटल्यावर काय झालं असतं ते सांगायला नको. एक बाई परतवेल, मग दहा, मग अख्खा लॉट.

"मेल्या, मडकं कशाला काढलंस?"

"पुढं मीच होतो ना तेव्हा," तो म्हणाला. "हात तसाच चालला."

मग आम्ही वाट बघायला लागलो. मी शाळेतून येताना प्रत्येक काळ्या साडीच्या काठाकडे बघायची. बायकांना वाटायचं ह्या बाईंची मान दुखते की काय. तो रोज संध्याकाळी येऊन दारातूनच मान हलवायचा: अजून नाही.

आमच्या धाकट्या दिरांचं लग्न त्याच वर्षी, मार्गशीर्षाआधी झालेलं. वैशाली, गोड पोरगी, नवी नवी. तिच्या हळदीकुंकवाची सगळी तयारी मी केलेली, साडी मात्र दीर म्हणाले मी आणतो, तिला सरप्राइज आहे. आमच्या शेजारच्या हंसाबेन घरून साड्या विकायच्या. सेठचाच माल. हळदीकुंकू उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी. सगळं सुरत अजून पतंग घेऊन गच्चीवरच होतं, वर टेप किंचाळताहेत, "काप्यो छे!"च्या आरोळ्या. बायका जमल्या, आणि वैशाली हलव्याचा हार, हलव्याचे बाजूबंद घालून बाहेर आली. साडी काळी कुळकुळीत. सुंदर दिसत होती हो पोरगी. मी कौतुकानं खाली पाहिलं आणि माझ्या हातातलं तिळगुळाचं ताट कलंडलं.

चार माणसं. खांद्यावर ते. पुढे मडकं.

"काय झालं वहिनी?" वैशालीनं विचारलं.

"काही नाही, चक्कर आली जरा." दुसरं काय सांगणार! हंसाबेन समोरच बसलेल्या, आपल्याकडची साडी म्हणून मिरवत, "जुओ, केवी सरस डोली छे!" करून बायकांना लांबूनच काठ दाखवत. मी वैशालीला सारखी खाली बसवत होते, मांडीवर वाण ठेवत होते, काठ झाकला जावा म्हणून. त्यात दारात शशी येऊन उभा राहिला. तिळगूळ घ्यायला. त्यानं साडी पाहिली. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. ना त्याला आत येता येईना, ना परत जाता येईना.

आता ह्यात एक गोष्ट आम्ही दोघंही विसरलो होतो. जिजी. त्या विधवा, त्यांना हळदीकुंकू नाही, म्हणून त्या दाराजवळ भिंतीला टेकून पाटावर बसायच्या. उभ्या बायकांना काठ वरून दिसतो. जिजींच्या तो थेट डोळ्यासमोर होता.

वैशाली नमस्काराला गेली. वाकली, आणि जिजींनी तिच्या डोक्यावर ठेवायचा हात खाली नेऊन निऱ्यांचा काठ पकडला.

"थांब वं."

चष्मा पुढे घेतला. बोट काठावरून फिरायला लागलं. एक माणूस, दुसरा, तिसरा, चौथा. मग पुढचा. बोट तिथं थांबलं.

"ह्याना हातमा काय शे?"

वर गच्चीवर कुणाचा तरी पतंग कापला गेला, केवढा जल्लोष झाला. हंसाबेन पुढं सरकल्या. "शुं थयुं, बा? कंई खराबी छे?" त्यांच्या आवाजात साडी परत घ्यायची तयारी होती. ओरडून सांगावंसं वाटलं की कळश आहे तो, पाण्याचा, शुभाचा! पण जिजींना खोटं सांगून चालत नसे.

जिजींनी मान वर केली. माझ्याकडे नाही, दारातल्या शशीकडे पाहिलं. बराच वेळ. तो काळा शर्ट, ते जोडलेले हात. त्यांना कळलं. कुणी काढलं तेही कळलं आणि काय काढलं तेही.

मग त्या हंसाबेनकडे वळल्या आणि ठणकावून म्हणाल्या, "खराबी नही. काम बारीक शे. हाई लुगडं माले पाहिजे."

"जिजी!" मी.

"आत्तेच बदली ये वं," त्या वैशालीला म्हणाल्या. "तुले दुसरं लई दिसू."

काय सांगू तुम्हाला! पहिल्या संक्रांतीची नवी सून, अंगावर हलव्याचे दागिने, आणि म्हातारी विधवा सासू तिच्या अंगावरची काळी साडी मागून घेते! बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणीतरी हळू, पण ऐकू जाईल असं म्हणालं, "ह्या वयात हौस बाई!" वैशाली रडत आत गेली. तिला मी माझी काळी साडी नेसवली आणि सगळं कानात सांगितलं, तेव्हा ती रडता रडता थांबली. बाहेर जिजी पाटावर ताठ बसलेल्या. बायका उठून जाताना त्यांच्याकडे बघतही नव्हत्या. पुढं कितीतरी दिवस गल्लीत 'सुनेची साडी काढून घेणारी' म्हणून बोललं गेलं. जिजींनी एका अक्षरानं उत्तर दिलं नाही. मानासाठी जन्मभर भांडलेली बाई ती!

हंसाबेन मात्र खूश. "बाने पण गमी गई!", म्हणजे म्हाताऱ्या बांनाही आवडली, असं सांगत त्यांनी उरलेला माल विकून टाकला. एकही पीस परत आला नाही. सेठनं तेच डिझाइन लग्नसराईला लाल रंगात काढायला सांगितलं. शशीनं त्या वेळी मडकं खोडून तिथं सनई काढली.

पण त्या संध्याकाळचं राहिलंच. बायका गेल्यावर शशी जिजींच्या पाटापुढं येऊन बसला. पाया पडला. जिजी म्हणाल्या, "रडू नको. वरतून खाले आन तुन्हा तो टेप. माले बी आयकू दे. आन सांग तो मुडदा काय बोंबलस."

त्यानं खांदेकऱ्यांचं गाणं लावलं आणि ओळ ओळ अहिराणीत सांगायला लागला. मी दारात उभी. मला वाटलं होतं जिजी हसतील, पण त्या मान डोलवत ऐकत होत्या, गावातल्या ओळखीच्या माणसाची खबर ऐकावी तशा. चौथा बुटका आहे, डोकं कलंडतंय, तिथं मात्र त्या पोट धरून हसल्या. डोळ्यातून पाणी येईपर्यंत. मग काठीनं शशीला ढोसून म्हणाल्या, "आयक. मन्ह्या टाइमले तू खांदाले लागू नको, लांब्या. तुन्ह्या खांदावर मन्हं डोकं आभाळले जाई, पाय खड्डामा. मन्ही फजिती व्हई."

"मी वाकीन जिजी."

"बठ, वाकनारा उना मोठा! दार दिसत नही रोजनं."

शेवटच्या ओळीआधी शशीनं टेप बंद करायला हात पुढं केला. जिजींनी त्याचा हात काठीनं अडवला. ती ओळ वाजली. "काय म्हने तो?" त्यांनी विचारलं. शशीनं सांगितलं. जिजींनी शेजारी ठेवलेल्या साडीच्या काठावरच्या मडकेवाल्यावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "तुन्हा बापले तू उचलं नही व्हतं. मडकं तुन्ह्याकडे व्हतं. तुले काय माहीत जड का हलका?"

हे त्याला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. तो त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला, एवढा मोठा बाप्या. मी आत जाऊन चहा ठेवला.

पुढं शशी कामरेजकडे राहायला गेला, स्वतःचं छोटं डिझाइनचं काम काढलं. येऊन जाऊन असायचा. जिजींसाठी एक कॅसेट भरून ठेवलेली, ती वाजून वाजून घासली. काठी आता वर आपटायला नव्हे, ठोका धरायला.

जिजी त्या दशकाच्या शेवटी गेल्या, थंडीत, सकाळी, चहा पिता पिता. शशीला फोन केला. तो आला, काळ्या शर्टात, आणि अंगणात बांबू जुळवायला बसला. जिजींना मी आणि वैशालीनं न्हाऊ घातलं, आणि त्यांनी सांगून ठेवलेली साडी काढली. नातेवाइकांनी आवाज चढवला, "काळं? विधवेला? डोकं ठिकाणावर आहे का?" वैशाली पुढं झाली. एवढी मऊ पोरगी, तिनं ती साडी छातीशी धरली आणि म्हणाली, "माझ्या अंगावरची आहे. माझ्या सासूला मी देणार." मग आम्ही दोघींनी ती जिजींना नेसवली.

ह्यांनी मडकं घेतलं. खांद्याला दीर, चौधरींचा तो पुतण्या, जिजींचा भाचा. चौथा शशी. बाकीचे तिघंही बुटके. तिरडी उचलली आणि डोक्याकडची त्याची बाजू वर गेली, काळी साडी सरकल्यासारखी झाली. शशीनं लगेच गुडघे वाकवले. तिरडी सपाट झाली.

ओट्यापुढून जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. "वहिनी," तो एवढंच म्हणाला, "हलक्या आहेत हो."

शववाहिनी बाहेर मोठ्या रस्त्यावर उभी होती, आमची गल्ली तशी लांब. बायकांनी पुढं जायचं नसतं, मी ओट्यावरूनच बघत होते. कुणीतरी त्याला म्हणालं, "भाऊ, सोड, मी लागतो, तुझी कंबर जाईल." त्यानं मान हलवली. गिरणीच्या भिंतीपाशी वळण येईपर्यंत तो तसाच, गुडघ्यात वाकून चालत गेला.